प्रश्न चुकीच्या कारणाने बंद झाला असे वाटत असेल, तर दाद कशी मागावी?

शोधयात्री यांचा प्रश्न

प्रोग्रॅमिंगविषयीच्या एका प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर मी दोन आठवड्यांपूर्वी एक प्रश्न विचारला होता. त्या संकेतस्थळाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला तक्रार मांडायची नसून पुढची वाट समजून घ्यायची आहे.

दशांश अपूर्णांकांच्या एका लांबलचक यादीची बेरीज मी अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये, वाटून करतो. यादी तीच, संगणक तोच, प्रोग्रॅमही तोच, तरी उत्तराच्या शेवटच्या काही अंकांत दर वेळी फरक येतो. असे का व्हावे, आणि दर खेपेला एकच उत्तर हवे असेल तर काय करावे, असा माझा प्रश्न होता. अर्ध्या तासात तो डुप्लिकेट, म्हणजे आधीच विचारला गेलेला, ठरवून बंद करण्यात आला आणि ०.१ व ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ का येत नाही, या जुन्या व सर्वांच्या परिचयाच्या प्रश्नाचा दुवा त्याच्या डोक्यावर लावण्यात आला.

तो जुना प्रश्न मी आधीच वाचलेला होता. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही आणि म्हणून बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते, हे मला त्यातूनच कळले होते. परंतु त्या स्पष्टीकरणाप्रमाणे चूक दर वेळी तीच यायला हवी. माझ्याकडे ती दर वेळी वेगळी येत होती, आणि मला नेमके तेच विचारायचे होते.

यानंतर माझ्याकडून दोन गोष्टी घडल्या, त्या प्रामाणिकपणे सांगतो. "प्रश्न न वाचताच बंद करता का?" अशी टिप्पणी मी रागाच्या भरात लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी शीर्षक बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तोही बंद झाला. त्यासोबत नियंत्रकांचा एक संदेश आला की, बंद झालेला प्रश्न पुन्हा पुन्हा टाकत राहिल्यास खाते काही काळासाठी निलंबित होऊ शकते.

मूळ निर्णय चुकीचा होता असे मला अजूनही वाटते. त्याविरुद्ध दाद नेमकी कोठे मागायची आणि कशा शब्दांत मागायची, हे कोणी अनुभवातून सांगू शकेल का? ताकीद मिळालेली असताना आता काहीही लिहिले तरी ते उद्धटपणाचे समजले जाईल, अशी भीती वाटते.

जुनी वही यांचा प्रतिसाद

मी एका प्रश्नोत्तर-समूहात काही वर्षे स्वयंसेवी नियंत्रक म्हणून काम केले आहे, त्यामुळे दाद मागणाऱ्यांचे लिखाण पलीकडच्या बाजूने वाचण्याचा बराच अनुभव गाठीशी आहे. तुमचा प्रश्न तुम्ही इथे जसा सांगितलात, तसा तो डुप्लिकेट नाही असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र "जुना प्रश्न मी वाचला आहे, त्याप्रमाणे चूक दर वेळी तीच यायला हवी, माझ्याकडे ती बदलते" हे जे तुम्ही इथे लिहिलेत, ते मूळ प्रश्नात लिहिले होते का? नसावे, असा माझा अंदाज आहे. ते वाक्य नसेल, तर वाचणाऱ्याला दिसतात ते दशांश अपूर्णांक, बेरीज आणि शेवटच्या अंकांतला फरक. आणि असे प्रश्न रोज येत असल्यामुळे त्याचा हात आपोआप त्या जुन्या दुव्याकडे जातो.

आधी निर्णय कोणी आणि कोणत्या अधिकाराने घेतला ते पाहा, कारण कोणते दार ठोठवायचे हे त्यावरून ठरते. प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोचे नियम उघड आणि तपशीलवार लिहिलेले आहेत, म्हणून उदाहरण त्याचे घेते. २००८ साली सुरू झालेल्या त्या संकेतस्थळावर बहुतेक प्रश्न नियंत्रक बंद करत नाहीत. ते काम सदस्य करतात. ज्याच्या खात्यात ३,००० गुण आहेत, त्याला प्रश्न बंद करण्यासाठी किंवा पुन्हा उघडण्यासाठी मत देता येते. पूर्वी अशी ५ मते लागत असत, २०१९ पासून ३ पुरतात. याला अपवाद दोन. निवडून आलेल्या नियंत्रकाचे एकच मत निर्णायक ठरते; आणि एखाद्या टॅगमध्ये (प्रश्नाचा विषय सांगणाऱ्या खुणेत) सुवर्ण बॅज, म्हणजे सर्वांत वरचे मानचिन्ह, मिळवलेल्या सदस्याला त्या टॅगचा प्रश्न डुप्लिकेट म्हणून एकट्याच्या मताने बंद करता येतो व एकट्याने पुन्हा उघडताही येतो. त्या बॅजसाठी संबंधित टॅगमध्ये किमान २०० उत्तरे आणि त्या उत्तरांना मिळून १,००० मतगुण (अनुकूल मतांतून प्रतिकूल मते वजा करून उरणारा आकडा) लागतात, तेव्हा असा माणूस विषयातला जाणकार असतो यात शंका नाही. पण ओळखीचा चेहरा दिसल्याचा भास जाणकारालाच लवकर होतो. अर्ध्या तासात बंद झालेला तुमचा प्रश्न अशाच कोणाच्या हातून बंद झाला असावा, असे मला वाटते. प्रश्नाच्या वरच्या चौकटीत बंद करणाऱ्यांची नावे असतात, ती पाहून खात्री करून घ्या. सदस्यांनी बंद केलेल्या प्रश्नाबद्दल थेट नियंत्रकांकडे तक्रार केली, तर ते सहसा "सदस्यांच्या मतात आम्ही हस्तक्षेप करत नाही" असे सांगतात, आणि दाद मागणाऱ्याला वाटते की आपले ऐकून घेतले गेले नाही. वास्तविक ती तक्रार चुकीच्या टेबलावर गेलेली असते.

बंद होणे आणि काढून टाकले जाणे या दोन गोष्टींतला फरकही ध्यानात ठेवा. बंद प्रश्न सर्वांना दिसतो. त्याला नवी उत्तरे देता येत नाहीत, एवढेच. म्हणजे दुरुस्तीसाठी वेळ असतो, मात्र तो सगळ्यांना सारखा नसतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर इतर कारणांनी बंद झालेला, उत्तर न मिळालेला आणि शून्य किंवा त्याहून कमी मतगुण असलेला प्रश्न साधारण ९ दिवस तसाच पडून राहिला, तर यंत्रणा तो आपोआप काढून टाकते. डुप्लिकेट म्हणून बंद झालेले प्रश्न या सफाईतून वगळलेले आहेत, कारण वेगळ्या शब्दांत शोधणाऱ्याला ते मूळ उत्तरापर्यंत नेऊन पोहोचवतात.

आता मुख्य भाग. दाद मागण्याची पहिली आणि बहुतेक वेळा पुरेशी जागा म्हणजे स्वतःचा प्रश्नच. बंद प्रश्नात अर्थपूर्ण दुरुस्ती करून तो फेरविचारासाठी पाठवता येतो. मग तो पुन्हा उघडण्याच्या रांगेत जातो आणि तिथे असे लोक तो वाचतात, ज्यांनी तो आधी पाहिलेलाही नसतो. त्यांच्यासमोर तुमचा राग नसतो, तुमची टिप्पणीही बहुधा नसते. असतो तो फक्त प्रश्न आणि शेजारी जुना दुवा. त्या दोहोंत काय फरक आहे, हे त्यांना मिनिटभरात कळले पाहिजे.

तुमच्या बाबतीत तो फरक दाखवणे सोपे आहे. जुन्या प्रश्नाचे उत्तर संख्या साठवताना होणाऱ्या चुकीबद्दल बोलते, तुमचा प्रश्न बेरजेच्या क्रमाबद्दल आहे. ३२ बिटांच्या अपूर्णांक-प्रकारात १० कोटींच्या आसपास दोन शेजारच्या संख्यांमध्ये ८ चे अंतर असते. त्यामुळे १० कोटींत १ मिळवून त्यातून १० कोटी वजा केले, तर उत्तर ० येते. आधी १० कोटींतून १० कोटी वजा करून मग १ मिळवला, तर उत्तर १ येते. इथे १० कोटी आणि १ या दोन्ही संख्या नेमक्या साठवल्या गेल्या आहेत, तरीही क्रम बदलताच उत्तर बदलले. थ्रेडमध्ये वाटून बेरीज करताना कोणता तुकडा आधी संपेल हे ठरलेले नसते, म्हणजे क्रम दर वेळी बदलू शकतो. एवढे एक उदाहरण प्रश्नात घातलेत, तर "हे उत्तर त्या दुव्यात आहे" असे म्हणणे कोणालाही कठीण जाईल. (उदाहरण घातल्यावर अर्धे उत्तर तुम्हीच दिल्यासारखे होईल, ते होऊ द्या. एकच उत्तर मिळवायचे कसे, हा भाग शिल्लक राहतो आणि तो अधिक मोलाचा आहे.)

ही दुरुस्ती प्रश्नाच्या शेवटी "सूचना: हा डुप्लिकेट नाही!" अशी ओळ जोडून करू नका. दोन वर्षांनी शोधत येणाऱ्या वाचकाला तुमच्या भांडणात रस नसतो. पहिल्या परिच्छेदातच जुन्या प्रश्नाचा दुवा द्या, त्यातून काय समजले ते एका वाक्यात सांगा आणि काय समजले नाही तेथून आपला प्रश्न सुरू करा. मग टिप्पणीत, ज्याने बंद केला त्याचे नाव घेऊन, दुरुस्ती केल्याचे नम्रपणे कळवा. त्याला त्याची सूचना मिळते. सुवर्ण बॅजवाल्या सदस्याने बंद केला असेल, तर अनेकदा तोच येऊन तो उघडतो. मी स्वतः असे प्रश्न उघडले आहेत आणि त्यात कमीपणा वाटला नाही. उलट दुरुस्त झालेला प्रश्न पाहून बरेच वाटते.

एवढे करूनही चार-पाच दिवसांत काही हालचाल झाली नाही, तर मेटा. स्टॅक एक्स्चेंजच्या, म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो ज्यात मोडते त्या संकेतस्थळांच्या जाळ्याच्या, समूहांत कारभाराविषयीच्या चर्चेसाठी मेटा नावाची स्वतंत्र जागा असते आणि तेथे लिहिण्यासाठी ५ गुण पुरतात. तेथे शीर्षकात आरोप नको. "हा प्रश्न क्रमामुळे पडणाऱ्या फरकाबद्दल आहे, तो या जुन्या प्रश्नाचा डुप्लिकेट ठरतो का?" असे विचारा. मेटावर विरोधी मते पडली, तर त्यांचा अर्थ बहुधा "मी असहमत आहे" एवढाच असतो, हे आधीच माहीत असलेले बरे. नाहीतर माणूस नाहक दुखावतो. मेटावर विषय नेल्याने मूळ प्रश्नाकडे अनेकांचे लक्ष जाते, आणि दुरुस्ती न करता नेलात तर ते लक्ष अंगाशी येते. म्हणून आधी दुरुस्ती.

काठावरून यांचा प्रतिसाद

जुनी वही यांनी सांगितलेला मार्ग व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर आहे आणि प्रश्नकर्त्याने तोच धरावा. परंतु त्यात एक गृहीतक आहे, त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. निर्णय घेणाऱ्याने एका क्लिकमध्ये प्रश्न बंद करायचा आणि ज्याच्यावर निर्णय झाला त्याने उदाहरणे शोधायची, प्रश्न नव्याने लिहायचा, टिप्पणी करायची आणि मग मेटावर जायचे. हा सगळा भार एकाच बाजूला आहे, आणि ती बाजू बहुतेक वेळा नवख्याची असते, जो त्या समूहाची भाषा अजून शिकतो आहे. समूहाचा व्यवहार परक्या भाषेत चालत असेल, तर दाद मागण्याचे कसब हे पुष्कळदा भाषेचेच कसब ठरते. ज्याचा मुद्दा खरा आहे पण ज्याला तो शब्दांत धरता येत नाही, त्याचे काय?

या बाबतीत काही किमान अपेक्षा जगभर मान्य होत आल्या आहेत. २०१८ साली मांडल्या गेलेल्या सांता क्लारा तत्त्वांमध्ये तीन गोष्टी मागितल्या आहेत: किती मजकूर काढला आणि किती खाती बंद केली याचे आकडे जाहीर करावेत, ज्याचा मजकूर काढला त्याला कारणासह कळवावे, आणि त्याला दाद मागता यावी, तीही मूळ निर्णयात सहभागी नसलेल्या माणसाकडे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने यातला बराच भाग बंधनकारक केला. कारणांचे लेखी निवेदन द्यावे लागते, निर्णयानंतर किमान ६ महिने अंतर्गत तक्रारीची सोय खुली ठेवावी लागते, आणि त्या तक्रारीचा निकाल केवळ यंत्राच्या भरवशावर देता येत नाही. अंतर्गत तक्रारीच्या या अटीतून छोट्या संस्थांना सूट आहे. १७ फेब्रुवारी २०२४ पासून हा कायदा पूर्णपणे लागू झाला आहे. हे सारे डोळ्यांसमोर ठेवले, तर "डुप्लिकेट" हा एक शब्द आणि एक दुवा याला कारण म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

दुसरा मुद्दा मला याहूनही अधिक अस्वस्थ करतो. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली उत्तरे टाकण्यास मनाई केली. कारण समजण्यासारखे होते: उत्तरे वरवर नीटनेटकी दिसत, पुष्कळदा चुकीची असत, आणि तपासणाऱ्यांच्या क्षमतेपेक्षा कितीतरी वेगाने येत होती. पण ज्याचे उत्तर या संशयावरून काढले गेले आणि ज्याने ते खरोखर स्वतः लिहिले होते, त्याने दाद मागताना काय दाखवायचे? आपण एखादी गोष्ट केली नाही, हे सिद्ध करण्याचे साधन सामान्य माणसाजवळ नसते. २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस कंपनीने अशा संशयावरून उत्तरे काढण्याच्या नियंत्रकांच्या अधिकारावर कडक मर्यादा घातल्या, त्याच्या निषेधार्थ जून २०२३ मध्ये अनेक नियंत्रकांनी काम थांबवले, आणि वाटाघाटींनंतर ऑगस्टमध्ये तो संप मिटला. त्या वादात दोन्ही बाजूंना बोलायला व्यासपीठ होते. ज्याचे एकच उत्तर निघून गेले, त्या सदस्याला ते नव्हते.

अशा प्रसंगी मी एवढेच सुचवेन की, उत्तर कसे तयार झाले ते दाखवावे: स्वतः चालवून पाहिलेला कोड, त्याचा आलेला निकाल, आधीचे फसलेले प्रयत्न, आणि उत्तरातील एखाद्या विधानाबद्दल विचारले तर अधिक खोलात जाऊन बोलण्याची तयारी. लेखन माणसाचे की यंत्राचे हे ओळखणाऱ्या एखाद्या साधनाने "हे माणसाने लिहिले आहे" असा कौल दिल्याचे चित्र जोडू नये, कारण ती साधने दोन्ही दिशांनी चुकतात आणि तपासणाऱ्यांना ते ठाऊक असते.

जुनी वही यांचे उत्तर

भार एका बाजूला आहे, हे मला मान्य आहे. त्याची दुसरी बाजूही सांगते, समर्थन म्हणून नव्हे, तर दाद मागणाऱ्याला समोरचा माणूस दिसावा म्हणून. रांगेत बसलेला सदस्य विनामूल्य काम करत असतो; त्याच्यापुढे एकामागून एक प्रश्न येत राहतात, आणि त्यांतले बरेचसे खरोखरच बंद करण्याजोगे असतात. अशा वेळी एखादा चांगला प्रश्न हातून निसटतो. मी असे प्रश्न बंद केले आहेत, आणि काहींच्या बाबतीत ते मला फार उशिरा, कोणीतरी दाखवून दिल्यावर कळले. ज्यांनी दाखवून दिले नाही, त्यांचे प्रश्न तसेच राहिले असतील, याची खंत आजही वाटते.

भाषेविषयीचा मुद्दा मात्र मी पूर्ण उचलून धरते. ज्याला परक्या भाषेत मांडणी जमत नाही, त्याने मांडणी कमी आणि पुरावा अधिक द्यावा. चार ओळींचा कोड, तो दोनदा चालवल्यावर आलेली दोन वेगळी उत्तरे, आणि खाली "दोन्ही वेळा यादी तीच होती" एवढे एक वाक्य. यासाठी भाषेवर प्रभुत्व लागत नाही. आणि असा प्रश्न समोर आला, तर त्यातली भाषा सुधारून देणे हे आपणा जुन्या सदस्यांचे काम आहे. दुसऱ्याच्या प्रश्नात दुरुस्ती करण्याची सोय त्यासाठीच असते, आणि ती वापरली जाते त्याहून पुष्कळ जास्त वापरली जायला हवी.

मधले पान यांचा प्रतिसाद

ताकिदीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. प्रश्नाविषयीची दाद आणि ताकिदीविषयीचे उत्तर या दोन गोष्टी एकाच पत्रात मिसळू नका. प्रश्न बंद होणे चुकीचे असू शकते आणि तोच प्रश्न पुन्हा टाकल्याबद्दलची ताकीद त्याच वेळी बरोबर असू शकते. पहिल्याच्या बळावर दुसरी खोडायला गेलात, तर दोन्हीकडे नुकसान होते.

नियंत्रकांच्या संदेशाला उत्तर देण्याची सोय असेल, तर तेथेच दोन वाक्यांत लिहा की, पुन्हा टाकणे चुकीचे होते, तसे परत होणार नाही, आणि आता पहिल्याच प्रश्नात दुरुस्ती करत आहात. स्टॅक एक्स्चेंजवर खाते निलंबित झाले, तर त्या काळात गुणांच्या जागी १ दिसतो आणि काही लिहिता येत नाही. मुदत संपल्यावर गुण पूर्ववत दिसतात. तेव्हाही नियंत्रकांच्या संदेशाला उत्तर देता येते, आणि नियंत्रकांच्याच वागण्याविषयी तक्रार असेल तर कंपनीकडे अर्ज करता येतो. या काळात दुसरे खाते उघडून लिहू लागणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण त्यानंतर मूळ मुद्दा कितीही खरा असला तरी चर्चा त्या दुसऱ्या खात्याभोवतीच फिरत राहते. विकिपीडियावर बंदी उठवण्यासाठी अर्ज कसा करावा याचे जे मार्गदर्शन आहे, त्यातही मुख्य भर यावरच आहे की, अर्जात स्वतःच्या वर्तनाविषयी लिहावे, इतरांनी काय केले याविषयी नव्हे. तो अर्जही मूळ बंदी घालणाऱ्याऐवजी दुसरा प्रचालक तपासतो.

जागेचे नियम मात्र आधी वाचा. रेडिटवरील आस्कहिस्टोरियन्स या समूहात गेल्या २० वर्षांतील घटनांवर प्रश्न विचारता येत नाहीत आणि वरवरची उत्तरे सरसकट काढली जातात. तेथे दाद मागायची ती नियंत्रकांना खासगी संदेश पाठवून. क्वोरासारख्या ठिकाणी निर्णय कंपनीचा असतो आणि अर्ज कंपनीकडेच जातो, सदस्यांच्या मतांनी तो बदलत नाही. एका ठिकाणी शिष्टाचार मानली जाणारी उघड चर्चा दुसऱ्या ठिकाणी नियमभंग ठरू शकते.

शोधयात्री

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बंद करणाऱ्यांच्या यादीत खरोखरच एकच नाव आहे आणि त्यापुढे सुवर्ण बॅजचे चिन्ह आहे. नियंत्रकांना दोन वाक्यांचे उत्तर पाठवले. प्रश्नातही दुरुस्ती केली आहे. टिप्पणीसाठी पुढील मसुदा तयार केला आहे, तो पाहून सांगावे:

"महोदय, आपण माझा प्रश्न डुप्लिकेट म्हणून बंद केला होता. कदाचित घाईत आपल्या लक्षात आले नसेल, पण मी त्या जुन्या प्रश्नाचा आधीच अभ्यास केला होता आणि माझा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे. मी या विषयात नवीन नाही. आता मी १० कोटींचे उदाहरण घातले आहे, त्यावरून साठवण्यातील चूक आणि क्रमामुळे येणारा फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट होईल. कृपया प्रश्न पुन्हा उघडावा, कारण तो बंद राहणे अन्यायकारक आहे."

जुनी वही

मसुद्यातले चौथे वाक्य उत्तम आहे, टिप्पणी तेवढ्यावरच उभी राहील. "घाईत लक्षात आले नसेल" हे काढा. ते खरे असले तरी वाचणाऱ्याला आधी स्वतःचा बचाव करावासा वाटेल. "मी नवीन नाही" आणि "अन्यायकारक" हेही काढा, कारण पहिल्यात तुमच्याविषयी माहिती आहे आणि दुसऱ्यात तुमच्या भावनेविषयी, आणि निर्णय यांपैकी कशावरच होणार नाही. "पूर्णपणे वेगळा" म्हणू नका. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, दशांश संख्यांना मर्यादित जागा मिळणे, आणि हे समोरच्याला तुमच्यापेक्षा चांगले माहीत असणार. पूर्णपणे म्हटलेत की तो ते खोडून काढेल, आणि चर्चा तिथेच अडकेल. असे लिहून पाहा:

"दुव्यातील प्रश्नातून साठवणीतील चूक समजली. माझ्या यादीची बेरीज मात्र दर वेळी वेगळी येते. तिचे कारण क्रमात असावे, असे प्रश्नात आता घातलेल्या उदाहरणावरून वाटते. एकच उत्तर मिळवण्याचा मार्ग त्या दुव्यात सापडला नाही. दुरुस्त केलेला प्रश्न आपण पुन्हा पाहाल का? त्याहून जवळचा एखादा जुना प्रश्न असेल, तर तो दुवाही चालेल."

शेवटचे वाक्य औपचारिकता म्हणून सुचवलेले नाही. क्रमाविषयीचा नेमका प्रश्न कोणीतरी आधी विचारलेला असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसा दुवा मिळाला तर प्रश्न बंद राहूनही तुमचे काम होईल.

काठावरून

मसुद्याला माझीही संमती आहे. फक्त "आपण पुन्हा पाहाल का" या विनंतीला उत्तर आले नाही, तर गप्प बसू नका. आठवडाभर थांबून मेटावर जा. शांतपणे मागितलेली दाद ही त्या सदस्याविरुद्धची तक्रार नसते, आणि तिची नोंद राहिली तर पुढच्या वेळी तोच दुवा लावताना कोणीतरी क्षणभर थांबेल.

शोधयात्री

मेटावर जाण्याची वेळ आली नाही. टिप्पणी लिहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच सदस्याने प्रश्न उघडला आणि खाली स्वतःच उत्तर लिहिले: यादीचे ठरावीक लांबीचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याची बेरीज वेगळी साठवावी, आणि सर्व थ्रेड संपल्यावर त्या बेरजा तुकड्यांच्या क्रमानेच मिळवाव्यात, म्हणजे कोण आधी संपले याने फरक पडत नाही. मी तसे करून पाहिले. लागोपाठ ५० वेळा प्रोग्रॅम चालवला आणि शेवटच्या अंकापर्यंत उत्तर तेच आले.

शीर्षक बदलून मी जो दुसरा प्रश्न टाकला होता, तो मात्र बंदच आहे, आता माझ्याच पहिल्या प्रश्नाचा डुप्लिकेट म्हणून. तो निर्णय बरोबर आहे. रागात लिहिलेली टिप्पणी मी काढून टाकली आहे.